पावसाळ्यात क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) दुधाळ होतो: मॅकलॅरेन एमपी४/४ या फॉर्म्युला वन गाडीचं १/२० मापाचं मॉडेल

पणजी_बेंच:
टामियाच्या मॉडेल किटवर डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) लावून झाले. लॅकर क्लिअर मारला की बॉडीवर पांढुरकी झाक येते. काही डीकलखाली चंदेरी डागही दिसतात. काय करावं?

फोंडा_एअरब्रश:
झाक दमट हवेमुळे. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर बसते. जुलैत आपल्याकडे उघड्या बाल्कनीत लॅकर मारूच नका. आधी खोलीत एसी ड्राय मोडवर ठेवा, आर्द्रता ६०% खाली आली की फवारा. थिनरमध्ये १०% रिटार्डर (थिनर उडणं मंदावणारा द्राव) घाला. आलेली झाक नुसत्या लेव्हलिंग थिनरच्या (सावकाश उडून थर सपाट बसू देणाऱ्या थिनरच्या) हलक्या फवाऱ्याने बहुधा जाते. डीकलवर मात्र हात आखडता, जास्त ओलं झालं की सुरकुत्या पडतात. म्हणूनच पहिले तीन थर धुक्याइतके विरळ, मध्ये १५ मिनिटं.

मडगाव_१_२०:
चंदेरी डाग म्हणजे खाली अडकलेली हवा. रंग खडबडीत राहिला की हे होतंच. क्लिअरचा थर बसला असेल तर आता हात लावू नका. उघड्या डीकलवर सुईच्या टोकाने बारीक भोकं पाडा, मार्क सॉफ्टर (डीकल मऊ करणारा द्राव) टेकवा, मिनिटभराने ओल्या इअरबडने दाबा. पुढच्या गाडीला डीकलआधी ग्लॉसचा (चकचकीत, गुळगुळीत) थर द्याच.

पणजी_बेंच:
डीकल किती वाळू द्यायचे?

मडगाव_१_२०:
या हवेत ४८ तास. आणि फ्लोरोसंट लाल उन्हात विटतो, मॉडेल खिडकीपासून लांब ठेवा.