मदत हवी आहे: सीझनची शेवटची किनारी फेरी, एक वाजताचं जेवण आणि आडवी येणारी भरती

मंडळी, एका आयोजनात अडकलोय, जरा वाट दाखवा.

आमचा हौशी वॉकिंग ग्रुप आहे. स्पर्धा नाही, पदकं नाहीत, गप्पा मारत चालायचं एवढाच कार्यक्रम. सीझनची शेवटची फेरी समुद्रकाठाने असते आणि नंतर सगळ्यांचं एकत्र जेवण. एरवी तोंड न दाखवणारे सभासदही या फेरीला नेमके उगवतात. म्हणजे तीसेक डोकी, त्यातली निम्मी चालायला आलेली आणि निम्मी सरळसरळ जेवायला. या वेळी आयोजनाची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. तारीख आधीच जाहीर झालेली होती, बाकी सगळं मी बघायचं.

बेत असा आहे: एका पुळणीवरून निघायचं, मधलं खडकाळ टोक खालून, पाण्याच्या कडेकडेने वळसा घालून पार करायचं आणि पलीकडच्या पुळणीवर जेवायला पोचायचं. एकूण आठ किलोमीटर, टोक साधारण मध्यावर. जेवणाची जागा रविवारी दुपारी एकसाठी सांगून ठेवली आहे, थोडे पैसे आगाऊ भरलेत. लोक लांबून येणार, त्यामुळे साडेनऊच्या आत कुणी जमत नाही. चहापाणी, हजेरी, ‘तो अजून गाडी लावतोय’ हे सगळं धरून पावलं पडायला दहा वाजणार.

आता गोची. त्या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी ७:४० ला आहे आणि भरती दोनच्या सुमारास. त्यात आदल्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाण. आम्ही टोकाशी पोचणार अकराला. ‘अर्धंच तर चढलेलं असेल पाणी, पटकन निघून जाऊ’ असं ग्रुपातले दोघे-तिघे ठामपणे सांगतायत. मला ते पटत नाही, पण कागदावर मुद्दा मांडता येत नाही.

दुसरं म्हणजे, काही जणांचे गुडघे कुरकुरतात आणि काही जण वाऱ्यासारखे पळतात. दोघांनाही चालल्याचं समाधान मिळावं आणि जेवायला एकत्र बसता यावं, अशी काही युक्ती आहे का? गेल्या खेपेला पुढचे लोक जेवून हात धुवत होते तेव्हा मागचे येत होते. ते परत नको.

प्रतिसाद

टोक सोडा. बाकी सगळं जमेल.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण त्या दोघा-तिघांना गप्प करायला हिशेब देतो.

ओहोटीपासून भरतीपर्यंत ढोबळमानाने सहा तास. या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला हे पुरतं. आता ७:४० पासून मोजा. ९:४० ते ११:४० या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं, आणि तुमची वरात अकराला बरोब्बर टोकाखाली. ‘अर्धंच चढलेलं असेल’ हे खरं आहे, पण तीच सर्वांत वेगाने चढण्याची वेळ आहे. त्यात उधाण, म्हणजे चढ मुळातच मोठा.

आणखी एक. तीस माणसांची रांग खडकांवर लांबते. पहिला माणूस कोरड्यातून जातो आणि शेवटच्याच्या पोटऱ्या भिजतात. पाणी समोरून येतं असं सगळ्यांना वाटतं, पण टोकाच्या आधीचा जो खोलगट कोपरा असतो तो बऱ्याचदा आधी भरतो. म्हणजे पुढे जाता येत नाही म्हणून वळावं, तर मागची वाटही गेलेली.

तारीख हलवता येत असेल तर एक आठवडा पुढे न्या. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा होते, सात दिवसांत पावणेसहा-सहा तासांचा फरक पडतो. म्हणजे पुढच्या रविवारी ओहोटी दीडच्या आसपास. तुम्ही चालताना पाणी मागे हटत असेल. दोन आठवडे मात्र पुढे नेऊ नका, पंधरवड्याने चक्र फिरून पुन्हा जवळपास त्याच वेळेवर येतं, म्हणजे सकाळी सातलाच ओहोटी.

धागाकर्ता

हा हिशेब जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. शांतता पसरली आहे!

आठवडाभर पुढे नेण्याची कल्पना आवडली. पण मग उरलेलं काम सरळ आहे ना? पुढच्या रविवारी टोक खालून पार करता येईल?

प्रतिसाद

इतकं सरळ नाही. पुढच्या रविवारी अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती-ओहोटी असेल. भांगाला भरती कमी चढते हे लोकांच्या लक्षात असतं, पण ओहोटीही कमी उतरते हे विसरलं जातं. उधाणाच्या ओहोटीला जे टोक खणखणीत उघडं पडतं, ते भांगाच्या ओहोटीला पायथ्याशी पाण्यातच राहू शकतं.

आधी एकदा जाऊन बघून या, तेही भांगाच्याच दिवशी. खडकावर काळपट, बुळबुळीत पट्टा दिसेल. तो जिथे संपतो तिथवर पाणी नेहमी पोचतं. काही ठिकाणी हा पट्टा डोक्याच्याही वर असतो, तेव्हा आपोआप निर्णय होतो. त्या पट्ट्यातल्या शेवाळावर पाय ठरत नाही, आणि धरायला हात टेकावा तर कालवांच्या धारेने तळवा कापतो. गुडघे कुरकुरणाऱ्या मंडळींना घेऊन मी तरी तिथे जाणार नाही, मग ओहोटी कुठलीही असो.

प्रतिसाद

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एका पुळणीवरून दुसरीवर जाण्याचा हट्टच सोडा. जेवणाच्या जागेवरूनच निघा, पुळणीने जा आणि त्याच वाटेने परत या. अट एकच: ठरलेल्या वेळी, जिथे असाल तिथे, पाठ फिरवायची. समजा दहाला निघालात आणि सव्वाअकराला वळायचं ठरलं. पळणारे पाच-साडेपाच किलोमीटर जाऊन वळतील, हळू चालणारे अडीच. परत मात्र सगळे साधारण एकाच वेळी पोचतात, कुणाला कुणासाठी खोळंबावं लागत नाही. ज्यांना फक्त जेवायचंय त्यांनी बाराला यावं आणि परत येणाऱ्यांना सामोरं थोडं चालावं. तेवढंच पुण्य.

यात परतीला थोडा जास्त वेळ धरा. येताना पाय जड होतात.

आणि चालायचं ते ओल्या, घट्ट वाळूवरून. कोरड्या भुसभुशीत वाळूत त्याच वेगाने चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते. म्हणून सुद्धा तुमचा मूळ रविवार वाईट आहे. बारा-एकला उधाणाचं पाणी वरपर्यंत आलं की घट्ट वाळू पाण्याखाली आणि तुमच्या वाट्याला वरची भुसभुशीत. आठ किलोमीटर सपाट आहे म्हणून कुणी बेफिकीर असेल तर त्याला आधीच सांगा.

पुळण पाण्याकडे उतरती असते, म्हणून एकाच दिशेने चालत राहिलं की एका बाजूचा घोटा आणि गुडघा जास्त ताणला जातो. जाऊन-येऊन केलं की ते बऱ्यापैकी फिटतं. टोप्या सगळ्यांनी घाला, आभाळ असलं तरी. वाळूवरूनही ऊन परावर्तित होतं, हनुवटीच्या खालीसुद्धा कातडी भाजते.

धागाकर्ता

ठरलेल्या वेळी वळण्याची युक्ती भन्नाट आहे. इतकी वर्षं आम्ही पुढच्यांना ‘थांबा रे’ म्हणून ओरडतोय.

लीड (सर्वांत पुढे चालणारा) आणि बॅकलीड (सर्वांच्या मागे राहणारा) ठेवायचे का मग? कारण सगळे विखुरणार.

प्रतिसाद

बॅकलीड हवाच. वळताना जो सर्वांत पुढे असतो तो परतीला सर्वांत मागे पडतो, म्हणजे बॅकलीड तुमच्या पळणाऱ्यांपैकीच कुणीतरी होणार. त्याला शिट्टी आणि पट्ट्या-मलमाची पिशवी द्या. पळणारा माणूस परतीला सगळ्यांना ओलांडून पुढे येतो, त्याला ताकीद द्या की शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. कुरकुर करेल, करू दे. निघताना आणि परतल्यावर डोकी मोजा. मध्येच कुणी गाडी घेऊन निघून गेलं आणि बाकीचे किनाऱ्यावर शोधत बसले, हा प्रकार फार वैताग आणतो.

प्रतिसाद

जेवणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. तीस जणांनी तिथे बसून मेन्यू वाचायला घेतला की तासभर गेला. आधीच तीन-चार पर्याय ठरवून प्रत्येकाकडून लिहून घ्या, शाकाहारी किती आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे तेही. पैसे फेरीच्या आधी जमा करा. ‘मी फक्त सरबत घेतलं होतं’ हा वाद बिल आल्यावर मिटत नाही. आणि जेवण झाल्यावर कुणाला पाण्यात उतरण्याची हुक्की आली तर निदान त्या किनाऱ्यावरच्या लोकांना विचारून, एकट्याने नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ताजी खबर: जेवणाच्या जागेला फोन केला. पुढचा रविवार मोकळा आहे, आगाऊ रक्कम तिकडे वळती करतायत. नक्की आकडा मात्र शुक्रवारपर्यंत हवाय आणि त्यानंतर कमी झाला तरी पैसे पूर्ण. तारीख बदलल्यामुळे चार जण गळले, दोन नवे आले.

दहाला निघायचं, सव्वाअकराला वळायचं, एकला ताटावर. टोकाचा हट्ट धरणाऱ्यांना सांगितलंय की लांबून बघा, फोटो काढा, वळायची वेळ झाली की वळा. त्यातल्याच सर्वांत वेगवान गड्याला बॅकलीड केलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.