उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला कोणत्या महिन्यात जावं? जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

माझी आई एकोणसत्तर वर्षांची आहे. तीस वर्षं तिने शाळेत जीवशास्त्र शिकवलं. तिच्या टेबलाच्या काचेखाली निळ्या खसखशीचं, म्हणजे ब्लू पॉपीचं, मासिकातून कापलेलं एक चित्र होतं. घरं बदलली, टेबलं बदलली, चित्र अजून तेच आहे. यंदा तिला ते फूल जिथे उगवतं तिथे न्यायचंय.

उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं, एवढं मला माहीत आहे. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी गेली, आणि दिवाळीचाही भरवसा नाही. मधल्या महिन्यांत मोठी रजा मला एकदाच मिळेल. म्हणून विचारते: तुम्ही कधी गेलात, काय दिसलं, काय हुकलं? आई पुण्यात अजून सिंहगड चढते, पण सावकाश. चढावर दम लागतो. त्या अंदाजाने लिहिलंत तर फार बरं होईल.

*

आम्ही ठाण्याचे. मुलांची शाळा १५ जूनला उघडते म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, पुढे घांगरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत दहाएक किलोमीटर चाल. जवळच्या हेमकुंड साहिब या शीख तीर्थाची यात्रा तेव्हा जोरात असते, त्यामुळे घांगरियात खोली मिळता मिळेना.

दरीत शिरल्यावर वाटेत दोन ठिकाणी बर्फाचे पट्टे आडवे आले. त्यात फावड्याने पायऱ्या खणलेल्या होत्या. धाकटीचा हात मी घट्ट धरला होता आणि बर्फाखालून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. पुढे आडवं झालेलं मागच्या वर्षीचं तपकिरी गवत. बर्फ जिथे संपत होता तिथून हातभर अंतरावर मात्र जांभळ्या प्रिम्युलाचे गेंद वर आले होते, चिखलातून सरळ. एकेका देठावर लिंबाएवढा गोळा. मुलं खूश झाली, बर्फ पहिल्यांदाच पाहिला त्यांनी. पण गालिचा वगैरे काही नव्हता. ताई, आईंना जूनमध्ये नेऊ नका. निळी खसखस तेव्हा जमिनीतून नुकती डोकं काढत असते.

*

नाशिकहून आम्ही चौघं, ऑगस्टचा दुसरा आठवडा. आधी वाईट सांगतो. जाताना पीपलकोटीच्या पुढे दरड कोसळली आणि एक दिवस तिथेच गेला. घांगरियात तीन दिवस मोजे वाळले नाहीत. रतबनचं शिखर आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही, सगळे दिवस ढग खाली उतरलेले.

आता चांगलं. आम्ही दर वर्षी कासला जाणारे. कासची फुलं घोट्याला लागतात, ती बघायला वाकावं लागतं. इथे वाट दोन्ही बाजूंच्या झाडोऱ्यातून बोळासारखी जाते आणि फुलं कमरेला, काही ठिकाणी छातीला लागतात. गुलाबी फुलांचे उतारच्या उतार होते. जवळ जाऊन बघतो तर तेरडा! आपल्याच तेरड्याचा उंच, धिप्पाड भाऊ. पाऊस थांबला की सगळ्या पानांवरून एकदम पाणी निथळायचं आणि आमचे कपडे पुन्हा भिजायचे.

निळी खसखस दरीत शोधून सापडली नाही. ती दिसली दुसऱ्या दिवशी, हेमकुंडच्या चढावर, एका ओल्या कातळाच्या खाचेत. बायकोला दिसली, मी पुढे निघून गेलो होतो. चार पाकळ्या, टिशू पेपरहून पातळ, पावसाने एक खाली लोंबलेली. मधे पिवळेधमक पुंकेसर. देठाला आणि पानांना काटेरी लव. तो निळा रंग फोटोत जांभळा येतो, त्यामुळे फोटोवरून कल्पना करू नका. आम्ही वीस मिनिटं त्या कातळाशी उभे होतो.

*

मी वनस्पतिशास्त्रात काम करते, आणि वेगवेगळ्या वर्षी तीनदा गेले आहे. लोक "पीक कधी" असं विचारतात, पण इथे एकच बहर येत नाही, लाटा येतात. बर्फ खालून वर वितळत जातो, तशी फुलंही वर सरकतात. पाचशेहून जास्त जातींच्या फुलझाडांना सगळं आयुष्य चार महिन्यांत उरकायचं असतं, म्हणून ती पाळीपाळीने येतात. जुलैत विविधता जास्त: जिरेनियम, पोटेन्टिला, ऑर्किड, नदीकाठच्या गोट्यांमधला गुलाबी एपिलोबियम. ऑगस्टमध्ये रंग जास्त, पण त्या रंगात दोन-तीन जातींचाच वाटा मोठा. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेत शिखरावरून परतताना भ्यूंदर खिंडीतून या दरीत उतरला, तोही पावसाळाच होता.

त्या काळी इथे मेंढपाळ यायचे. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई थांबली आणि पॉलिगोनम, ज्याला तिथले लोक अमेला म्हणतात, ते माणसाच्या उंचीचं झाड भराभर पसरलं. वनखातं ते दर वर्षी उपटून काढतं. ऑगस्टच्या अखेरीस गेलात तर अमेल्याचे पांढरे तुरे सगळीकडे दिसतील. सुंदर दिसतात, पण त्यांच्या सावलीत बुटक्या जाती गुदमरतात. मला ते पाहताना दर वेळी वाईट वाटतं.

तुमच्या आईंच्या फुलासाठी जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा काळ धरा. आणि एक लक्षात ठेवा: ही खसखस आयुष्यात एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. मागच्या वर्षी कुणाला ज्या दगडाशी दिसली तिथे यंदा दिसेलच असं नाही. कातळाच्या खाचा बघत चला.

*

नोकरीमुळे अकरा वर्षं देहरादूनला आहे, म्हणून रस्त्याचं लिहितो. महिना कुठलाही निवडा, जुलै-ऑगस्ट असेल तर हातात दोन दिवस जास्तीचे ठेवा. ऋषिकेशहून गोविंदघाट पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर एका दिवसाचं वाटतं, पण एका दिवसात करू नका. रुद्रप्रयाग किंवा पीपलकोटीला मुक्काम, आणि पहाटे उजाडताच निघायचं. दरडी दुपारच्या पावसानंतर जास्त येतात. अंधार पडला की गाडी हलवायची नाही, ड्रायव्हर कितीही म्हणाला तरी.

जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाट आणि भ्यूंदर गावाचं काय झालं ते मी नंतर जाऊन पाहिलं. घरांच्या जागी नदीचे गोटे होते. तिथला माणूस "आज मत जाओ" म्हणाला की मी वाद घालत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढलं होतं. दरीत एक तास थांबून ते परत पळाले. बारा दिवसांची रजा असेल तर जा, सात दिवसांची असेल तर सप्टेंबरची वाट बघा.

*

मी स्वतः सत्तर वर्षांची, कोल्हापूरची. बाळ, तुझ्या आईला सांग की जमतं. मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले होते. पुलनाहून घांगरियापर्यंत घोडा केला. राष्ट्रीय उद्यानात घोडा नेता येत नाही, पण कंडी मिळते, म्हणजे माणूस पाठीवर वाहून नेतो ती बसायची टोपली. जाताना मी चालले, सकाळी फाटक उघडताच आत शिरले, आणि येताना कंडीत बसले. माणसाच्या पाठीवर बसायचं मला फार जड गेलं. त्या मुलाला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "माताजी, सीज़न चार महीने का है." मग बसले. मजुरी घासाघीस न करता द्या, एवढंच सांगते. दरीत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत बाहेर पडावंच लागतं, म्हणून परतीची ताकद राखून ठेवायची. एकाच दिवशी सगळं बघायचा अट्टाहास नको.

आत जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. इंग्लंडहून फुलं गोळा करायला आल्या होत्या, ४ जुलै १९३९ ला उतारावरून घसरून गेल्या. चोपन्न वर्षांच्या. बहिणीने नंतर येऊन तिथे दगड बसवला, त्यावर डोंगरांकडे डोळे लावून बसण्याची बायबलमधली ओळ कोरली आहे. मी त्या दगडाशी बसून डबा खाल्ला, पराठा आणि लोणचं. भोवती तेरड्याच्या शेंगा तडकत होत्या. जरा हात लागला की टप्पकन फुटायची आणि बी अंगावर. फुलं बरीच ओसरली होती, पण डोंगर संपूर्ण दिसले. मला पुरलं ते.

*

सप्टेंबरला दुजोरा. हेमकुंडला ब्रह्मकमळं पाहायची असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. पण चढ कठीण आहे, सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त, आणि वर उंची ४,३०० मीटरच्या पुढे. दम लागणाऱ्यांनी घोडा करावा.

*

दिवाळी लवकर आली म्हणून आम्ही ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. हेमकुंड साहिब त्याआधीच बंद होतं, मग घांगरियातली बहुतेक हॉटेलंही. एकाच ठिकाणी चूल पेटलेली होती, तिथेच जेवलो आणि झोपलो. दरीत फूल नाही. भोजपत्राची झाडं पिवळी झालेली, आकाश निरभ्र, आणि पुष्पावती नदीचा आवाज सोडला तर काही नाही. ज्यांना एकांत हवा त्यांच्यासाठी याहून चांगला महिना नाही. तुमच्या आईंसाठी नव्हे.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला एकेक अनुभव मोठ्याने वाचून दाखवला. एकदाच फुलून मरण्याचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. मग स्वतःच कॅलेंडर काढून आणलं.

२८ जुलैला पुण्याहून निघतोय, परतीचं ११ ऑगस्टचं. घांगरियात चार रात्री, आणि जाता-येता मिळून तीन दिवस मोकळे. पुलनाहून घोडा, दरीत जमेल तितकं पायी. हेमकुंडच्या चढावर घोड्याने तिसऱ्या दिवशी, तेही हवा आणि तिचा दम पाहून. रविवारपासून पावसात सिंहगड सुरू. एकच राहिलं: तिला छत्रीची सवय आहे, पोंचोत गुदमरल्यासारखं होतं म्हणते. छत्री चालेल का?

*

छत्री घांगरियाच्या बाजारात फिरायला ठेवा. वाटेवर एका हातात काठी लागते आणि दुसरा मोकळा हवा. पोंचो समोरून बटणांचा घ्या, गळा उघडा ठेवता येतो.