मदत हवी आहे: ही काचेची फुलदाणी कुठली असेल?

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ही मिळाली. विकणारा छातीठोकपणे ‘बेल्जियम’ म्हणत होता, पण तिथे प्रत्येक जुनी काच बेल्जियमचीच असते! वीतभर उंच, फिकट हिरवी, काचेत बारीक बुडबुडे. तळाला मधोमध खडबडीत वण आहे आणि साच्याचा सांधा कुठेच हाताला लागत नाही, म्हणजे फुंकून केलेली असावी. शिक्का, लेबल काही नाही. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली मात्र लख्ख हिरवी चमकते, तेव्हा युरेनियम काच (रंगासाठी थोडं युरेनियम मिसळलेली) असणार. आता ही फिरोजाबादची की बोहेमियाची (आजच्या चेक प्रजासत्ताकातली), कशावरून ओळखायचं? आपल्या तळेगावच्या पैसा फंड किंवा ओगलेवाडीच्या कारखान्यात अशी रंगीत काच होत असे का? तळाचा फोटो टाकलाय. आणि आतला पांढरा क्षारांचा थर व्हिनेगरने काढला तर चालेल ना? आई निशिगंध घेऊन तयारच बसली आहे.