मदत हवी आहे: गोदामातली जिम, फसलेला 'चाचणी रविवार' आणि परत न आलेल्या ११ मुली

गोदामवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरजवळचा. केळी धुऊन खोक्यात भरायचं आमचं एक जुनं पॅकहाऊस होतं. भावाने धंदा सावद्याकडे हलवल्यावर ते रिकामं पडलं. दीड वर्षापूर्वी मी तिथे जिम टाकली. आरसे लावून दंड फुगवायची नाही, खेळणाऱ्या पोरांसाठी. वजनं, उडी मारायचे लाकडी खोके, जाड दोर, ट्रॅक्टरचे बाद टायर आणि बाहेर २५ मीटरची मातीची पट्टी, बस. मी कॉलेजात असताना कबड्डी खेळायचो आणि उजवा गुडघा तिथेच गमावून आलो. तेव्हा आम्हाला उडीवरून खाली कसं उतरायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. ते आपण शिकवू, एवढंच डोक्यात होतं.

सध्या २२ जण येतात. त्यातले १५ पोलीस भरतीवाले. जाहिरात निघाली की ४० होतात, भरती संपली की ५ उरतात. शाळेची, कबड्डी-खो-खोची पोरं यावीत म्हणून एप्रिलमध्ये शेजारच्या शाळेच्या मैदानावर 'मोफत चाचणी रविवार' ठेवला. जागेवरून वर उडी मारून ती मोजायची, पुलअप्स, ३० मीटर धाव आणि मोठ्या पोरांसाठी १६०० मीटर. नंतर आठ आठवड्यांचा वर्ग, आठव्या आठवड्यात परत तीच मोजणी. कागदावर झकास होतं.

सुरुवात साडेसहाला होती. पण उद्घाटनाला एक पाहुणे बोलावले होते (माझीच हौस), ते आले पावणेनऊला. मग शाल, श्रीफळ, दोन भाषणं. ६० पोरं उन्हात रांगेत उभी. १६०० मीटरची शिट्टी वाजली तेव्हा सव्वानऊ झाले होते. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे, दुपारी पारा ४२-४३ला टेकतो आणि नऊलाच डांबर चिकटायला लागतं.

तिसऱ्या फेरीत एक १९ वर्षांचा पोरगा तिरपा धावायला लागला. मला वाटलं, पाय मुरगळला. जवळ गेलो तर अंगावर काटा आलेला, कातडी तापलेली आणि बोलणं विचित्र. 'सर, माझी सायकल कुठंय' असं तीनदा विचारलं. तो मोटारसायकलवर आला होता. 'पोट हलकं ठेव' असं कुणीतरी सांगितलं म्हणून आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. मग तो खालीच बसला.

गोदाम मैदानाला लागूनच आहे. केळी धुवायची सिमेंटची टाकी अजून तिथे आहे, लाइट जाते म्हणून पाणी साठवून ठेवतो. चौघांनी उचलून त्याला कपड्यांसकट गळ्यापर्यंत टाकीत बसवला, एकाने मागून डोकं धरलं. १०८ला फोन केला. गाडी येईपर्यंत तो स्वतःचं नाव बरोबर सांगायला लागला होता. दोन दिवस दवाखान्यात राहिला, आता ठणठणीत आहे. पण गावात झाली ती बातमी झालीच. वर्गासाठी ज्यांनी नावं दिली होती त्यातली निम्मी पोरं आली नाहीत. आणि मुली? चाचणीला ११ आल्या होत्या, वर्गाला एकही नाही.

आता विचारायचं ते:
उन्हाळ्यात असा कार्यक्रम करूच नये का, की करायची काही रीत आहे?
मुलींचं काय चुकतंय? ऊन हे कारण मला पटत नाही. त्या तर १६०० धावल्याही नव्हत्या, सावलीत उड्या मारून घरी गेल्या.
भरतीवाल्यांच्या नडग्या दुखतात, ते थांबत नाही.
आणि पावडरीचं काय करायचं? डबे ठेवा, कमिशन देतो म्हणून दर आठवड्याला कुणीतरी येतं.

---

पीटीचे सर

अमळनेर तालुक्यात २६ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. भाऊ, तुन्ही चूक नही, पाव्हणासनी चूक शे. पण पाव्हण्यांना बोलवायची चूक तुमचीच, तेव्हा हिशेब बरोबर.

मी एक नियम केलाय. पाहुणा आला नाही तरी शिट्टी वेळेवर वाजणार. सत्कार शेवटी, सावलीत. एकदा एक मोठे गृहस्थ आले तेव्हा पोरं केळी खाऊन घरी निघाली होती. रागावले. पुढच्या वर्षी वेळेवर आले.

दुसरं म्हणजे मोठा कार्यक्रम एप्रिलमध्ये कशाला? आपला मोसम डिसेंबर-जानेवारी. बामणोद तुमच्या शेजारीच, भरिताची वांगी दारात. सकाळी चाचणी, मग कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजा, कळण्याची भाकरी करा. आई-बाप भरीत खायला म्हणून येतील आणि पोरीची उडी बघून जातील. पत्रक छापायचा खर्च वाचेल.

---

गुडघेदुखी

जळगावला फिजिओ आहे. आधी टाकीबद्दल. तुम्ही घाईत केलंत ते अगदी बरोबर केलंत. बरळणं आणि तापलेलं अंग दिसलं की आधी गार करायचं, मग हलवायचं. गळ्यापर्यंत गार पाणी हा सगळ्यात चांगला उपाय, आणि डोकं धरून ठेवलंत तेही बरोबर. बरेच जण कपाळावर ओला रुमाल ठेवून गाडीची वाट बघतात, तेवढ्यात मोलाची मिनिटं जातात. अशा पोराला शुद्ध नीट येईपर्यंत तोंडाने पाणी पाजू नका, ठसका लागून छातीत जातं. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका, तो अशा वेळी कमी दाखवतो. वागणं बघा. पुढच्या वेळी टाकीशेजारी बर्फाच्या दोन लाद्या ठेवा, तुमच्याकडे मासळीवाले नसले तरी लस्सीवाले असतीलच.

उन्हाची सवय अंगाला लागते, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात आणि रोज थोडं थोडं वाढवावं लागतं. वर्षभर पहाटे पाचला धावणारा पोरगा थेट नऊच्या उन्हात उतरवला तर त्याची सगळी मेहनत तिथे कामाला येत नाही. उपाशी पोटीचं खूळ तर बंदच करा. तास-दीड तास आधी केळं आणि पाणी. केळं तुम्ही लोकांना विकता, स्वतःच्या पोरांना का देत नाही कळत नाही.

नडगीचं: पोरं कुठे धावतात? माझ्याकडे येतात ती सगळी डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटात, जाहिरात निघाल्या दिवसापासून रोज पूर्ण दमाने. हाडाला एवढ्या लवकर वाढीव भार झेपत नाही. मातीवर धावा, आठवड्यात दोन-तीनच दिवस जोरात, बाकी दिवस बोलता येईल इतक्या वेगाने. पोटरीच्या व्यायामाला, एका पायावर टाच उचलायला, चुकारपणा नको. आणि बोटाने दाबून नेमक्या एका बिंदूवर कळ आली, रात्रीही ठणकलं, तर धावणं बंद आणि तपासणी. हाडाला बारीक चीर असू शकते.

मुलींचं: तुम्ही म्हणालात ते उडीवरून उतरण्याचं शिक्षण फार गरजेचं आहे. गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट फाटण्याचं प्रमाण खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त असतं. फुटबॉलवाल्यांची २० मिनिटांची वॉर्मअपची एक पद्धत आहे, 'फिफा ११ प्लस'. धावणं, पोटाची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणं. यंत्र लागत नाही. कबड्डीच्या मुलींनाही आठवड्यातून दोन-तीनदा ते करायला लावा. वजन उचलल्याने उंची खुंटते म्हणून आया घाबरतात. ते खरं नाही, शिकवणारा शेजारी उभा असला आणि वजन बेताचं असलं की झालं.

---

पहाटधाव

धुळ्याचा. पोलीस भरतीत एकदा नापास, एकदा पास.

भरतीवाले फक्त धावतात, तिथेच मार खातात. मैदानी चाचणीच्या ५० मार्कांत १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. १६०० ला पूर्ण मार्क हवेत तर ५ मिनिटं १० सेकंद, म्हणजे ४०० च्या फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. ते सगळ्यांच्या बसची बात नाही. पण ७.२६० किलोचा गोळा नीट शिकला तर दोन-तीन महिन्यांत मार्क वाढतात, आणि ते काम जिमचं आहे, रस्त्याचं नाही. मी पहिल्या वेळी गोळ्यालाच गेलो. मैदानावर हातात घेतला तो आयुष्यातला दुसरा गोळा होता.

संध्याकाळी साडेसहानंतर फक्त गोळाफेक ठेवा. ऊन नाही, दम लागत नाही, गर्दी जमते. आमच्याकडे म्हातारेसुद्धा फेकून बघतात आणि दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसतात.

---

मुलीची आई

भुसावळहून. मुलगी नववीत, खो-खो खेळते. बाकीच्यांनी ऊन आणि गुडघ्यांवर लिहिलंय, मला दुसरंच विचारायचंय.

गोदामवाला दादा, त्या रविवारचे व्हिडिओ तुम्ही कुठे टाकलेत का?

---

गोदामवाला

ताई, टाकले. एक रील केलं होतं, मुलींच्या उड्यांचं, गाणं लावून. १४ हजार लोकांनी बघितलं. जिमची जाहिरात म्हणूनच टाकलं.

---

मुलीची आई

मग तुमचं उत्तर तिथेच आहे. १४ हजारांत त्या मुलींचे काका, मामा, शेजारी, शाळेतली टवाळ पोरं सगळे आले. तुम्हाला उडी दिसली, खालच्या कमेंटी वाचल्यात का? माझ्या मुलीचं असं झालं असतं तर तिला मीही पाठवलं नसतं. आणि मी काही जुन्या वळणाची नाही, लग्नाआधी जिल्ह्याला खेळलेय.

अजून दोन गोष्टी, राग मानू नका. तुमच्या गोदामात मुलींसाठी संडास आहे का, आतून कडी लागणारा? आणि वर्गाला एखादी बाई हजर असते का? प्रशिक्षक नसली तरी चालेल, नुसती स्वेटर विणत बसली तरी चालेल. आमच्याकडे एका ठिकाणी सरांच्या आईच येऊन बसायच्या, ३० मुली यायच्या. टी-शर्ट-ट्रॅकपँटचा आग्रहही नको. ओढणी खोचून पंजाबी ड्रेसवर सुरुवात करू द्या, महिन्याभराने त्याच ट्रॅकपँट मागतील.

---

नुसता वाचक

पावडरीचं कुणीच लिहिलं नाही. डबे ठेवू नका. विकणाऱ्याचं कमिशन आणि शिकवणाऱ्याचा सल्ला एकाच गल्ल्यावर आले की पोरगं कुणावर विश्वास ठेवणार? भेसळीचे डबे फिरतात आणि राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणारं पोरगं उत्तेजक चाचणीत सापडलं तर 'डब्यात होतं, मला माहीत नव्हतं' हे सहसा चालत नाही. जे अंगात सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच. त्यापेक्षा अंडी, शेंगदाणे, फुटाणे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आणि खानदेशात उडदाची दाळ सोडून डब्यातलं पीठ खाणाऱ्याला काय म्हणावं!

---

गोदामवाला

सगळ्यांचे आभार. चार दिवस उशिरा लिहितोय कारण आधी काम केलं.

रील काढून टाकलं. कमेंटी तेव्हा वाचल्या नव्हत्या, आता वाचल्या. त्यातल्या दोन इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग चाचणीला आलेल्या एका मुलीच्या घरी गेलो. तिची आई दारातच म्हणाली, 'पोरीनं काही केलं नाही भाऊ, पण तिच्या बापानं बघितलं ना.' चहा दिला, आत बोलावलं नाही. मी माफी मागितली. मुलगी आतल्या दारातून बघत होती. ११ जणींमध्ये सगळ्यात उंच उडी तिचीच होती, ४१ सेंटिमीटर. मी तो आकडा तिच्या आईला सांगितला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण कागद मागितला आणि मी आकडा त्यावर लिहून दिला.

पुढचं असं ठरवलंय. मे महिनाभर कार्यक्रम नाही, फक्त नियमित वर्ग, सकाळी साडेपाच ते सात. १५ जूनच्या पुढे मुलींचा वेगळा वर्ग, संध्याकाळी सहा ते सात, आठवड्यात तीन दिवस, त्यातली पहिली २० मिनिटं फक्त तोल आणि उतरणं. माझी वहिनी बसायला तयार आहे. स्वेटर नाही विणणार म्हणते, मेथी निवडेन म्हणते. संडासाचं काम उद्यापासून. फोटो कुणाचाच काढायचा नाही, पाटी लावली आहे. कमिशनवाल्याला परत पाठवला. भरीत-चाचणी डिसेंबरमध्ये, पाहुण्यांशिवाय.

गोळाफेकीचा शनिवार मात्र याच आठवड्यापासून. ७.२६० चे दोन गोळे आहेत. मुलींच्या भरतीला ४ किलोचा लागतो, तो नाही. कुणाकडे पडून असेल तर भाड्याने किंवा विकत घेईन.

---

पीटीचे सर

शाळेचा नाही, माझा स्वतःचा एक आहे घरी. दाराला टेका म्हणून वापरतो. गंजलाय, घासून घ्या. पैसे नकोत, येताना चांगल्या घडातली दोन फण्या केळी आणा. आणि दार धरून ठेवायला एक दगडही.