सोसायटीने छोट्या संस्थांना वर्षभर मदत करायची, तर उद्दिष्ट कसं ठरवावं?

उंबरठा_४०

नमस्कार. नाशिकमधल्या आमच्या सोसायटीतली ४० घरं मिळून आसपासच्या छोट्या संस्थांना मदत करतात. पद्धत एकच: दिवाळीत आणि मार्चअखेर वर्गणी काढायची आणि नऊ-दहा ठिकाणी थोडी थोडी वाटून टाकायची. यंदा वस्तीतल्या एका अभ्यासिकेचा सीएसआर निधी (कंपन्या समाजकार्याला देतात तो पैसा) बंद झाला आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबे पोचवणाऱ्या संस्थेने डबे कमी केले. म्हणून एप्रिल ते मार्च असं नीट उद्दिष्ट ठरवायचंय. काहींचं म्हणणं ‘तीन लाखांचं टार्गेट’, काहींचं ‘प्रत्येक घरातून महिन्याला दोन तास’. संस्था किती घ्याव्यात? पैसे द्यावेत की वस्तू? गोळा कोणाच्या खात्यात करायचे? दोन घरांचे अमेरिकेतले भाऊही द्यायला तयार आहेत, ते चालतं का?

हिशोबतपासनीस

तीन लाख हा आकडा तुमच्या सोयीचा झाला. आधी संस्थेचा एक महिना मांडून बघा. अभ्यासिकेचा साधारण असा येईल: दोन ताईंचं मानधन प्रत्येकी ९,०००, खोलीभाडं ६,०००, वीज आणि वह्या-खडू २,०००, हिशोब लिहिणाऱ्याचे १,५००. महिना २७,५००, वर्ष ३,३०,०००. यातले दोन लाख सीएसआरमधून येत असतील, तर खड्डा दोन लाखांचा.

आता तुमची बाजू. ४० घरं गुणिले ५०० म्हणजे महिना २०,०००, पण हा आकडा कागदावरचा. वर्षभरात कोणी घर बदलतं, कोणाचा ऑटोपे बंद पडतो. पाचातलं एक घर गळेल असं धरा: ३२ घरं, महिना १६,०००, वर्ष १,९२,०००. खड्डा जवळजवळ भरतो, तोही एकाच संस्थेचा. म्हणून दोनच संस्था घ्या आणि दुसरीसाठी घरटी रक्कम वाढवायची की तिला दुसऱ्या प्रकारे मदत करायची, ते आधी ठरवा. नऊ ठिकाणी वीस-वीस हजार दिले तर कुठेच एका महिन्याचा खर्चसुद्धा निघत नाही. पावती, आभारपत्र, अहवाल मात्र नऊ जणांना लिहावा लागतो.

उद्दिष्टाचं वाक्य असं लिहा: ‘दर महिन्याच्या ५ तारखेला दोन्ही ताईंचं मानधन खात्यात असेल, आणि मार्चअखेर संस्थेकडे तीन महिन्यांचा खर्च (८२,५००) शिल्लक असेल.’ पहिला भाग तुमच्या हातात आहे. दुसरा एका वर्षात जमेलच असं नाही, पण मोजता येतो.

ठरवण्याआधी तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब मागा. ताळेबंदात बँक शिल्लक भागिले महिन्याचा खर्च करून बघा. इथे एक चकवा आहे. ‘एवढ्या ठेवी असताना मदत कशाला?’ असं कोणीतरी म्हणतंच. त्या ठेवी कायम निधीच्या (मूळ रक्कम जपून फक्त व्याज वापरायचं) असतील तर त्या मोडून पगार देता येत नाही. बाजूला काढलेला इमारत निधी असेल तर तोही यात धरू नका. मोकळी शिल्लक किती, तेवढंच विचारा.

पाऊसपाणी

वरच्याशी सहमत, पण तारखांचा मुद्दा राहिला. छोट्या संस्थांकडे पैसा येतो दिवाळीत आणि मार्चमध्ये. एप्रिल ते जुलै खडखडाट असतो, आणि नेमका तेव्हाच वह्या-दप्तरांचा आणि पत्रे शाकारण्याचा खर्च येतो. तुमचे हप्ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू झाले तर तेवढ्याच रकमेचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

३१ मार्चला मोठी रक्कम टाकणं तर टाळाच. करमाफीसाठी संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात. शेवटच्या दिवशी आलेली रक्कम पुढच्या वर्षात न्यायची तर मुदतीत वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो राहून गेला की करपात्र उत्पन्नाचा घोळ सुरू.

दुसरं, पूर. २०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१ला चिपळूण-महाड, २०२५ला मराठवाडा. असं काही झालं की सगळे गट आपली वर्गणी तिकडे वळवतात आणि गल्लीतल्या डबेवाल्या संस्थेचा त्या महिन्याचा किराणा अडतो. म्हणून वर्षाच्या रकमेतले १० टक्के आपत्तीसाठी म्हणून सुरुवातीलाच ठरवा. ते संपले की संपले, मानधनाच्या पैशाला हात लावायचा नाही. आणि कृपा करून जुने कपडे पाठवू नका. ट्रक उतरवायला माणसं लागतात, निवडायला माणसं लागतात, अर्धं सामान शेवटी पावसात कुजतं.

वस्तू द्यायच्याच तर डबेवाल्या संस्थेकडून महिन्याची यादी घ्या: तांदूळ, तूरडाळ, तेल, गॅस. शक्यतो तिच्याच किराणा दुकानदाराचं बिल भरा. ४० घरांतून गोळा केलेला तांदूळ चाळीस जातींचा असतो. काही जुना, काही नवा. एका पातेल्यात तो एकसारखा शिजत नाही.

उंबरठा_४०

मनापासून आभार. तांदळाचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. खातं आणि अमेरिकेतले भाऊ राहिलेत. शिवाय बरेच जण विचारतात, ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मिळणार का?

हिशोबतपासनीस

एका माणसाच्या खात्यात गोळा करू नका. त्याने पुढे संस्थेला दिले तर पावती त्याच्या एकट्याच्या नावाने निघते, बाकीच्यांना काही नाही. शिवाय खात्यात आलेल्या पैशांचा खुलासा त्यालाच करावा लागतो. लोकांकडून जाहीर वर्गणी काढायची तर नियमही आडवे येतात. गणपती मंडळं त्यासाठीच धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१सीची परवानगी घेतात. सरळ मार्ग असा की प्रत्येक घराने संस्थेच्या खात्यात यूपीआय ऑटोपे लावायचा. तुमच्यापैकी एकाने फक्त यादी सांभाळायची: कोणाचा हप्ता गेला, कोणाचा परत आला. हप्ता अडतो तो बहुतेक वेळा शिल्लक नसल्याने किंवा मँडेटची (ऑटोपेला दिलेल्या परवानगीची) शेवटची तारीख उलटल्याने.

करसवलत. (१ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, कलमांचे क्रमांक बदललेत. मी जुनीच नावं लिहितोय, तीच सगळ्यांच्या तोंडात आहेत.) नवी करप्रणाली निवडलेल्यांना ८०जीची वजावट मिळत नाही, त्यामुळे तुमच्या निम्म्या घरांना हा प्रश्नच नसेल. जुन्या प्रणालीत अशा संस्थांना दिलेल्या रकमेच्या साधारण ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. २,०००च्या वर रोख दिलेल्या देणगीवर वजावट नाही. वस्तूंवर तर अजिबातच नाही.

अमेरिकेतल्या भावांचा पासपोर्ट कोणता, त्यावर सगळं आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी. एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेने अशा माणसाकडून शंभर रुपयेही घ्यायचे नाहीत. नोंदणी असेल तर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. ‘आईच्या खात्यावर टाकतो, ती देईल’ ही पळवाट सुचवणारे भेटतील. संस्थेला संकटात टाकू नका.

खडूफळा

‘महिन्याला दोन तास’वाल्यांची बाजू कोणीच घेतली नाही, मी घेतो, पण अर्धीच. ४० जण आळीपाळीने मुलांना शिकवायला गेले की दर आठवड्याला नवा चेहरा येतो. मुलं पुन्हा पहिल्या धड्यावर, आणि ताईंचा वेळ तुम्हाला ओळख करून देण्यात जातो. शिकवायचंच तर दोघांनीच जा, ठरलेला वार, ठरलेला विषय, निदान जून ते फेब्रुवारी.

बाकीच्यांचे तास कागदपत्रांत घाला. पैशाइतकीच तिथे चणचण असते. देणगीदारांची यादी (नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख) दर महिन्याला एक्सेलमध्ये भरणं हे एका माणसाचं महिन्याला दोन तासांचंच काम. ते वर्षभर झालं नाही की मे महिन्यात संस्थेची पळापळ होते. १०बीडी विवरण (हीच देणगीदारांची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवणारं) भरायची मुदत ३१ मे, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. आणि ते भरल्याशिवाय तुम्हाला १०बीई, म्हणजे वजावटीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र मिळत नाही, साध्या पावतीवर वजावट टिकत नाही.

असंच दुसरं काम म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. छोट्या संस्थांचे हे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात. मग निधी द्यायला तयार असलेली नवी कंपनी विचारते की आजचे विश्वस्त कोण, आणि परिशिष्टावर (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर) नाव निघतं वारलेल्या माणसाचं. तुमच्यात वकील किंवा सीए असेल तर त्याचं वर्षाचं उद्दिष्ट हे एकच ठेवा. अभ्यासिकेचा सीएसआर परत मिळवायचा तरी १२ए (संस्थेच्या करमाफीची), ८०जी आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची) नोंदणी चालू आहे ना, तेही त्यालाच बघू दे.

अहवालाचं प्रमाण आवरा. महिन्याला १६,००० देणाऱ्यांनी दर महिन्याला फोटो आणि ‘लाभार्थींची गोष्ट’ मागायची नाही. सप्टेंबरअखेर एकदा, मार्चनंतर एकदा, एका पानात जमाखर्च आणि काय अडलं एवढं पुरे.

आणि थांबायचं असेल तर ते सप्टेंबरच्या बैठकीतच सांगा. मार्चमध्ये कळवलंत तर ताईंना एप्रिलचं मानधन कुठून द्यायचं, हा प्रश्न तुम्ही त्यांच्यावर टाकून निघालात.

उंबरठा_४०

रविवारी बैठक आहे. अभ्यासिकेला महिना ५०० घरटी, डबेवाल्या संस्थेला किराणा दुकानाचं बिल आणि यादीचं काम, असं मांडतो. बदल अर्जासाठी सी विंगमधल्या वकीलकाकांना आजच गाठतो.