भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी रोजच्या संसाराला पुरते का?

प्रश्न: पुण्यात दोघं नोकरदार, मूल ३ वर्षांचं. गाडी विकत न घेता तासांवर मिळणारी चालेल?

उत्तर १: शाळेच्या ने-आणीला नाही, आणण्या-परत करण्यातच वेळ जातो. महिन्यात ३-४ फेऱ्या असतील तर जरूर. चाइल्ड सीट मात्र स्वतःची ठेवा. आयसोफिक्सच्या कड्या (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या) मागच्या सीटच्या फटीत असतात, आधी मॉडेल तपासा. बसवल्यावर बुडाशी इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा.

उत्तर २: नंबरप्लेट बघा हो! काळ्यावर पिवळी अक्षरं हवीत. पांढरी म्हणजे खासगी. भाड्याने घेऊन ठोकली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

उत्तर ३: ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ काढा. भांडणं जुन्या ओरखड्यांवरूनच होतात.