चावी आधी बदला, इतिहास नंतर पुसा

वर एकांनी लिहिलंय की पासवर्डची फाइल चुकून गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल इतिहासासकट जपणारं टूल) गेली, मग ती डिलीट करून नवा कमिट (बदलाची नोंद) टाकला, आणि रेपो (कोडचा साठा) प्रायव्हेट असल्यानं आता काळजी नाही. भावा, काळजी आहे. जुना कमिट जागेवरच आहे, गिटचा लॉग उघडला की पासवर्ड समोर.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत चौघं बसून उद्यमनगरातल्या फौंड्रीसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. गेल्या पावसाळ्यात आमचंही हेच झालं. पासवर्ड ठेवायच्या डॉट ईएनव्ही फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटनं कुठल्या फाइली घ्यायच्या नाहीत त्याची यादी) होतं, पण फाइल त्याआधीच कमिट झालेली. एकदा ट्रॅक झालेली, म्हणजे गिटनं नोंदीत घेतलेली फाइल गिटइग्नोर अडवत नाही, हे रात्री अकराला कळलं. तेव्हाच डेटाबेसचा पासवर्ड बदलला, जुनी कनेक्शन्स तोडली, कोण कुठून आत आलं होतं ते लॉगमध्ये बघितलं. फिल्टर-रेपो या गिटचा इतिहास पुसणाऱ्या टूलनं इतिहास दुसऱ्या दिवशी साफ केला. त्यानंतर सगळ्यांनी नव्यानं क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) घ्यायचं, नाहीतर कुणाच्या तरी जुन्या प्रतीतून तो जुना इतिहास परत वर चढतो.

प्रायव्हेट रेपोचं म्हणाल, तर 2016 मध्ये उबरच्या प्रायव्हेट रेपोतच हल्लेखोरांना अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या चाव्या सापडल्या आणि 5.7 कोटी लोकांची माहिती गेली.

आता आमच्याकडे प्रत्येक लॅपटॉपवर कमिटआधी गिटलीक्स हे कोडमध्ये राहिलेले पासवर्ड शोधणारं टूल चालतं. लाइव्ह सर्व्हरचा पासवर्ड डेव्हलपमेंटला वापरत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पासवर्ड टाकणं तर आजच बंद करा, कळकळीनं सांगतोय.